सवलतीच्या घरात व्हीलचेअरवरून नऊ महिने : मापे, पाऊस आणि काही तक्रारी

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर आम्हाला या घराचा ताबा मिळाला आणि आता श्रावण संपत आला आहे. एक हिवाळा, एक उन्हाळा आणि बहुतेक सगळा पावसाळा या घरात काढल्यावरच त्याच्याबद्दल लिहायचे, असे मी ताब्याच्या दिवशीच ठरवले होते. त्या दिवशी माणूस नवी फरशी बघून हरखलेला असतो आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याकडे त्याचे लक्ष जात नाही.

आमचे मूळ गाव राजापूर तालुक्यात आहे. २०१८ च्या मे महिन्यात आंबे उतरवताना मी फांदीसकट खाली आलो, मणक्याला मार बसला आणि तेव्हापासून मी व्हीलचेअरवर आहे. गावच्या घराचे जांभ्याचे जोते कमरेइतके उंच आहे, खळ्यातून ओटीवर चढायला पाच पायऱ्या आहेत आणि न्हाणीघर परसात आहे. पावसाचे चार महिने खळ्यात चाके रुतत असल्याने मी पडवीच्या बाहेर पडतच नसे. हाजी अली येथील केंद्र सरकारच्या पुनर्वसन संस्थेत वर्षातून तीन-चार वेळा जावे लागते, मुलगी अकरावीला आली होती, आणि आंबा बागायतदारांचे जमाखर्च लिहिण्याचे माझे काम कोठूनही करता येते. त्यामुळे शहरात जायचे हे घरात एकमताने ठरले. प्रश्न होता तो पैशांचा, आणि त्याहून अधिक दारांच्या रुंदीचा.

घर ज्या योजनेत लागले ती राबवणाऱ्या प्राधिकरणाचे आणि वसाहतीचे नाव मी मुद्दाम देत नाही. ठिकाण रायगड जिल्ह्यात, पण मुंबई महानगर प्रदेशाच्या हद्दीत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतील हे अत्यल्प उत्पन्न गटाचे घर असून चटईक्षेत्र सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे ३२३ चौरस फूट आहे. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाखांचे अनुदान घराच्या किमतीतून वळते झाले, उरलेल्या रकमेसाठी कर्ज काढले.

अर्ज करू पाहणाऱ्या कोकणातल्या माणसाने सर्वांत आधी गावच्या घराचा विषय निकालात काढावा. या योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावावर भारतात कोठेही पक्के घर असता कामा नये. आपल्याकडे घर असते आजोबांच्या नावावर, हिस्सेदार असतात अकरा, आणि घरपट्टी भरतो गावात राहणारा एखादा चुलत भाऊ. आमच्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर अजूनही आजोबांचेच नाव होते, म्हणून आम्ही वाचलो. वडिलांच्या पश्चात काकांनी हौसेने माझे नाव चढवायचे म्हटले होते आणि मी आळसापोटी कागद दिले नव्हते. आयुष्यात आळस उपयोगी पडल्याचा माझा हा एकच दाखला आहे. उतारा आधी काढून बघा आणि प्रतिज्ञापत्रावर सही त्यानंतरच करा.

उत्पन्नाच्या मर्यादेचाही घोळ होतो. म्हाडाच्या सोडतींमध्ये २०२२ पासून मुंबई महानगर प्रदेशात अत्यल्प गटाची मर्यादा कुटुंबाच्या वार्षिक ६ लाखांपर्यंत आणि अल्प गटाची ९ लाखांपर्यंत आहे, तर रत्नागिरी-सिंधुदुर्गसारख्या उर्वरित भागात हेच आकडे साडेचार आणि साडेसात लाख आहेत. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या अखत्यारीत ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे पाचही जिल्हे येतात, त्यामुळे एकाच जाहिरातीत दोन प्रकारच्या मर्यादा दिसू शकतात. शिवाय २०२३ पासून म्हाडाच्या ऑनलाइन प्रणालीत कागदपत्रांची छाननी सोडतीच्या आधीच होते, म्हणून अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा दाखला जाहिरात येण्यापूर्वी हाताशी हवा. सेतू केंद्रात गर्दी कधी असते हे मी कोकणी वाचकाला सांगायला नको.

दिव्यांगांच्या आरक्षणाचा आधार म्हणजे २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम. त्याच्या कलम ३७ मध्ये घरांच्या वाटपात किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी ५ टक्के आरक्षण सांगितले आहे आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य आहे. माझ्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे सरकारी ओळखपत्र होते, अर्ज मी माझ्याच नावाने केला आणि पत्नीला सहअर्जदार केले. दुसऱ्या प्रयत्नात सोडतीत नाव लागले, पण घर निघाले अकराव्या मजल्यावर.

अकरावा मजला ऐकून नातेवाइकांना आनंद झाला, हवा चांगली म्हणून. लिफ्ट बंद पडली तर मला चौघे उचलून किती मजले नेणार, आणि आग लागली तर लिफ्ट वापरायचीच नसते, हा हिशेब मी एकटाच करत होतो. प्रधानमंत्री आवास योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक असलेल्या कुटुंबांना शक्यतो तळमजला किंवा खालचे मजले द्यावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. देकारपत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे पत्र, हाती येताच ते वाक्य जसेच्या तसे उतरवून मी मजला बदलण्याचा अर्ज दिला, त्याची पोच घेतली आणि दर पंधरा दिवसांनी विचारपूस करत राहिलो. पाच महिन्यांनी दुसरा मजला मिळाला. हा अर्ज वाटपपत्राच्या आधीच द्यावा. घर नावावर चढले की बदल करणे फार अवघड होऊन बसते. तळमजल्याचा मात्र मी हट्ट धरला नसता. आमच्या इमारतीत खाली वाहनतळ आहे, आणि शेजारच्या ज्या इमारतींमध्ये तळमजल्यावर घरे आहेत तेथे जुलैत गटाराचे पाणी मोरीतून वर आले होते.

आता मूळ विषयाकडे येतो. माहितीपुस्तिकेत ‘दिव्यांगस्नेही इमारत’ असे छापलेले होते. त्याचा अर्थ रॅम्प आहे आणि लिफ्ट आहे, एवढाच निघाला.

रॅम्प खरोखरच होता. प्रवेशद्वाराची उंची जमिनीपासून ४५ सेंटिमीटर आणि रॅम्पची लांबी २९० सेंटिमीटर. सुगम्यतेच्या राष्ट्रीय मानकांत चढ १ला १२ असावा असे म्हटले आहे, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५४० सेंटिमीटर लांबी हवी. आमचा रॅम्प जवळपास निम्मा, आणि वर गुळगुळीत कडप्पा. पहिल्या दिवशी मी वर चढताना खुर्चीची पुढची चाके उचलली गेली आणि मुलीने मागून धरले नसते तर हा अनुभव लिहायला कोणी दुसरे बसले असते. पुढे सदनिकाधारकांनी वर्गणी काढून रॅम्पला मध्ये सपाट टप्पा देऊन वळण घेतले, खरबरीत फरशी बसवली आणि दोन्ही बाजूंना कठडा लावला. त्या कठड्याला खाडीच्या खाऱ्या हवेने दोन महिन्यांत गंज चढला. किनाऱ्यालगत साध्या लोखंडी पाइपावर पैसे घालू नयेत, हे कोकणात वाढलेल्या आम्हा लोकांना आधी सुचायला हरकत नव्हती. पावसाळ्यात त्या फरशीवर शेवाळ धरते आणि दर रविवारी ते खराट्याने घासून काढावे लागते.

यापेक्षा मोठा घोटाळा न्हाणीघराच्या दाराचा. माझी खुर्ची हातचाकांसकट ६३ सेंटिमीटर रुंद आहे. ताब्यापूर्वी मी कार्यालयातून घराचा आराखडा मागवून घेतला होता आणि त्यात न्हाणीघराचे दार ७५ सेंटिमीटर दाखवले होते, म्हणून निर्धास्त होतो. आराखड्यातले माप हे भिंतीतल्या मोकळ्या जागेचे असते, हे मला तेव्हा कळत नव्हते. त्यात दोन्ही बाजूंनी चौकट साडेचार-साडेचार सेंटिमीटर खाते आणि ६६ उरतात. दार काटकोनात उघडले की त्याची जाडी आणि बिजागरी मिळून आणखी ४ जातात. उरले ६२, आणि खुर्ची ६३. ताब्याच्या संध्याकाळी मी त्या दाराशी खुर्ची नेली तेव्हा ती दोन्हीकडून टेकून थांबली आणि आमचे सगळे कुटुंब एका सेंटिमीटरकडे बघत उभे राहिले.

दार रुंद करून घ्यावे तर इमारत मायवान पद्धतीची, म्हणजे सगळ्या भिंती ओतीव काँक्रीटच्या. अशा भिंती भार पेलतात, त्यांना हात लावता येत नाही. विटांच्या किंवा ठोकळ्यांच्या जुन्या पद्धतीच्या इमारतीत गवंडी दोन दिवसांत चौकट सरकवून देतो. येथे ते शक्य नाही. हा फरक घर निवडतानाच विचारून घ्यावा. मायवानचा एक फायदा मात्र मान्य केला पाहिजे, आधाराच्या दांड्या काँक्रीटमध्ये घट्ट बसतात. आमच्या शेजारच्या वसाहतीत हलक्या ठोकळ्यांच्या भिंतीत लावलेली अशीच दांडी एका आजोबांच्या हातात आली होती.

आम्ही दार बिजागरीसकट काढून टाकले, तेव्हा ६६ सेंटिमीटर मिळाले. पहिले सहा आठवडे तेथे नुसता पडदा होता आणि त्या काळात पाहुणे आले की घरातला टीव्ही मोठ्या आवाजात लागत असे. नंतर सुताराकडून भिंतीच्या बाहेरून सरकणारे दार करून घेतले. आतला उंबरा पाच सेंटिमीटर उंच होता, कारण पाणी बाहेर येऊ नये. त्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार दिला आणि पाणी अडवायला जाड रबरी पट्टी लावली. आत खुर्ची वळवायला दीड मीटरचा घेर लागतो, तेवढे न्हाणीघरच नाही, म्हणून सरळ आत जायचे आणि उलटे बाहेर यायचे. बोटांची हाडे चौकटीला घासू नयेत म्हणून हात मांडीवर ठेवून शेवटचा धक्का द्यायचा, ही कला आता अंगवळणी पडली आहे.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बांधकामातील दोषांची तक्रार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत केली तर ते दोष तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करून द्यावे लागतात. पश्चिमेच्या भिंतीतून जूनमध्ये ओल आली तेव्हा हे कलम लिहून दिले आणि कंत्राटदाराची माणसे खरोखरच आली. न्हाणीघराच्या दाराबद्दल मात्र ‘मंजूर आराखड्याप्रमाणेच आहे’ एवढेच उत्तर मिळाले, आणि ते अक्षरशः खरे आहे.

लिफ्ट दोन आहेत. लहान आठ माणसांची, जिच्यात मी सरळ जातो आणि उलटा येतो. मोठी लिफ्ट ऐसपैस असली तरी सामान चढवणाऱ्यांच्या ताब्यात असते. माझा मजला दुसरा असल्याने बटण खालच्या ओळीत आहे. अकराव्याचे बटण माझ्या हाताला पोहोचतच नाही, हे ध्यानात आल्यावर तो पाच महिन्यांचा पाठपुरावा वसूल झाल्यासारखे वाटले. जूनच्या शेवटी वीज आणि जनित्र दोन्ही एकदम बंद पडले आणि दीड दिवस लिफ्ट नव्हती. मला हाजी अलीची तारीख होती. गुहागरकडचे एक शेजारी आणि त्यांच्या मुलाचे तीन मित्र आले, “दादा, तुम्ही फक्त ब्रेक लावा,” म्हणाले आणि उचलायला लागले. त्यांतल्या एकाने खुर्ची हाताच्या आधाराला धरून उचलली आणि तो आधार सुटून त्याच्या हातात आला, कारण तो काढता येण्यासाठीच बनवलेला असतो. तेव्हापासून सांगाड्यावर कोठे धरायचे तेथे मी पिवळी चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

घराबाहेरचे थोडक्यात सांगतो. हार्बर मार्गाच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी राखीव डबा आहे आणि वडाळ्यापर्यंत मी कोणाला तरी सोबत घेऊन जातो, पुढे टॅक्सी. घरापासून स्टेशनपर्यंतचा पदपथ दर पन्नास पावलांवर दुकानाच्या उतारासाठी तोडलेला आहे, म्हणून रस्त्याच्या कडेनेच जावे लागते. रिक्षावाले खुर्ची घडी करून मागे ठेवू देतात, नाही असे अजून कोणी म्हटलेले नाही.

स्वयंपाकघर पत्नीच्या ताब्यात आहे आणि तिच्या मते ते लहान आहे. मुलीने पलंगाखालची जागा अभ्यासाच्या पुस्तकांनी भरली आहे. मी दिवाणखान्यात खिडकीशी बसून हिशेब करतो. गावी मला अंगणात यायला दोन माणसे लागत, येथे मी रोज संध्याकाळी एकटा खाली उतरून फेरी मारून येतो. हे घर घेतल्याबद्दल मला पस्तावा नाही. मात्र कोणी विचारले तर ताब्याच्या आधी रिकाम्या घरात स्वतःची खुर्ची घेऊन जा आणि प्रत्येक दारातून ती घालून बघा, एवढे मी आवर्जून सांगतो. हाताशी फक्त टेप असेल तर चौकटीच्या आतले, दार उघडे ठेवून माप घ्या.

सरकत्या दाराची पट्टी पावसाळ्यात गंजून अडकू लागली आहे. सुतार गणपतीला गावी गेला की दसऱ्याशिवाय परतत नाही, म्हणून ती स्टेनलेस स्टीलची करून घ्यायला त्याला येत्या रविवारी बोलावले आहे.