पुरवठा करारातील वाद: कौन्सिल, लवाद की वाणिज्यिक न्यायालय?

माल पोहोचला, डिलिव्हरी चलनावर सही-शिक्काही झाला. मात्र बिलाची मुदत उलटल्यावर खरेदीदाराने ‘माल उशिरा आला आणि दर्जाही परचेस ऑर्डरप्रमाणे नव्हता’ असे कळवून रक्कम अडवली, तर लघुउद्योजकापुढे तीन वाटा असतात: थकीत देयकांचे वाद सोडवणारी सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिल, लवाद (न्यायालयाऐवजी त्रयस्थाकडून निवाडा) आणि वाणिज्यिक न्यायालय. करारभंग कोणी केला हा प्रश्न तिन्हीकडे एकाच कायद्याने, म्हणजे १८७२ चा करार कायदा आणि १९३० चा माल विक्री कायदा यांनुसार, सोडवला जातो. फरक पडतो तो मुख्यतः निवाड्यानंतर आव्हान चालू असताना पैसा कोणाकडे राहतो यात, आणि निवड करताना सर्वांत जास्त वजन त्यालाच द्यावे, असे माझे मत आहे.

२००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) विकास कायद्याखालील फॅसिलिटेशन कौन्सिल या बाबतीत उजवी ठरते. लेखी करार काहीही म्हणो, देयकाची मुदत ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि ती चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. खरेदीदार देशात कोठेही असला, तरी अर्ज पुरवठादाराच्या राज्यातील कौन्सिलकडे करता येतो. चाकणच्या कारखानदाराला त्यासाठी चेन्नई गाठावी लागत नाही. शिवाय, निवाड्याला आव्हान द्यायचे तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते, त्यामुळे केवळ वेळ काढण्यासाठी केलेले आव्हान महागात पडते. करारात लवादाचे कलम असले तरी कौन्सिलचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात स्पष्ट केले. मात्र पुरवठ्यानंतर घेतलेल्या एमएसएमई नोंदणीचा लाभ आधीच्या व्यवहारांना मिळणार नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. हा लाभ सूक्ष्म व लघु उद्योगांपुरताच आहे. मध्यम उद्योग त्यात बसत नाहीत, आणि केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याने उद्यम (सरकारी एमएसएमई) नोंदणीवर या बाबतीत विसंबू नये. अर्ज निकाली काढण्यासाठी कायद्यात दिलेली ९० दिवसांची कालमर्यादा मात्र प्रत्यक्षात पाळली जाईलच, असे गृहीत धरून रोकड्याचे नियोजन करू नये.

खासगी लवादात तांत्रिक जाण असलेली व्यक्ती लवाद म्हणून नेमता येते, म्हणून धातूचा दर्जा किंवा मापातील फरक हा खरा वाद असेल तर तो विचारात घ्यावा. लवादाचे शुल्क लहान रकमेच्या वादाला जड जाते. आव्हानासाठी ७५ टक्क्यांची अट येथे नाही. निवाड्याला स्थगिती देताना किती रक्कम भरायला लावायची, हे न्यायालय ठरवते. खरेदीदार कंपनीचा संचालक एकटाच लवाद नेमील, असे कलम करारात असल्यास २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालाच्या आधारे त्याला हरकत घेता येते.

वाणिज्यिक न्यायालयात ३ लाख रुपये व त्यावरील वाद जातात, पण तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल तर दाव्यापूर्वी मध्यस्थी सक्तीची आहे. कौन्सिलचा लाभ न मिळणाऱ्या आणि करारात लवादाचे कलम नसलेल्या पुरवठादाराला हाच मार्ग उरतो.

कोठेही जाण्याआधी आपली बाजू किती भक्कम आहे, हे पाहावे. विलंबासाठी ठरावीक भरपाईचे कलम असेल, तर ‘नुकसान सिद्ध करा’ एवढे म्हणून भागत नाही: ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स या खटल्यात पाइपांच्या उशिरा झालेल्या पुरवठ्याबद्दल केलेली कपात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ग्राह्य धरली. २०१५ च्या कैलाश नाथ निकालाने मात्र काहीच नुकसान झाले नसेल तर भरपाई मिळत नाही, असे सांगून पुरवठादाराला थोडा आधार दिला आहे. दर्जाच्या तक्रारीत पुरवठादाराची बाजू बहुधा अधिक बळकट असते, कारण वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला तर माल विक्री कायद्याच्या कलम ४२ नुसार तो स्वीकारला असे मानले जाते. त्यानंतर खरेदीदाराला माल परत करता येत नाही, फक्त नुकसानभरपाई किंवा किमतीत घट मागता येते. म्हणून रिजेक्शन नोट (माल नाकारल्याची लेखी सूचना) कधी आली आणि तिच्यावरची तारीख बिलाच्या तगाद्याआधीची आहे की नंतरची, हे वकिलाला पहिल्याच भेटीत दाखवावे.