एसीएलसाठी ग्राफ्ट: वाटीखालचा की मांडीमागचा?

एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट, पूर्ण तुटलंय, ऑपरेशन करायचं हेही ठरलंय आणि आता सर्जन विचारतायत ग्राफ्ट (त्याच्या जागी बसवायचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा) कुठला घेऊया, अशा स्टेजला जे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. माझ्या डाव्या गुडघ्यात बीटीबी आहे, म्हणजे वाटीखालचा ग्राफ्ट, उजव्यात हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा. दोन्ही कबड्डीत गेले आणि दोन्हीवर मी परत खेळलोय. आता हा अनुभव माझ्या दोन पायांचा, सगळ्यांना असाच येईल असं म्हणत नाही.

ग्राफ्ट हाडात पक्का बसण्याचं म्हणाल तर बीटीबी एक नंबर. वाटीखालच्या टेंडनची मधली साधारण 10 मिमीची पट्टी घेतात, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असतो, हाडाला हाड जुळायचं म्हणून साधारण 6 आठवड्यांत बसतं. हॅमस्ट्रिंगमध्ये टेंडन हाडात रुजायचं, त्याला 8 ते 12 आठवडे लागतात. मला फरक जाणवला पण, डावा गुडघा पहिल्यापासून टाइट वाटायचा, वळताना पायावर भरवसा लवकर आला.

पण गुडघा टेकणं! मी डाव्या कोपऱ्याला खेळतो, रेडरचा घोटा धरायचा म्हणजे खाली जावंच लागतं आणि खाली गेलं की गुडघा मॅटवर आपटतोच. वाटीच्या खाली जिथून हाडाचा तुकडा काढलाय तेवढीच जागा, पण ती टेकली की कळ मस्तकात जाते. नीकॅप, जाड पॅड सगळं वापरून झालं. मॅटवरचं एक वेळ सहन केलं असतं, पण घरात दिवसभर कितीदा गुडघा टेकतो हे तेव्हा कळतं, पलंगाखालून काही काढायचंय, गाडीच्या चेनला ऑइल मारायचंय, देवळात साष्टांग घालायचाय, पोराला पाठीवर घेऊन घोडा घोडा खेळायचंय, प्रत्येक वेळी उजव्यावर भार आणि डावा अर्धवट हवेत. मांडी घालून बसायला काही नाही, त्रास टेकण्याचाच. आणि रिपोर्टमध्ये हे कुठेच येत नाही, एमआरआय छान, फिजिओ खूश, सर्जन म्हणतात गुडघा मस्त आहे, आणि तो आहेच मस्त.

उजव्या गुडघ्याला ही भानगड नाही. नडगीच्या वरच्या बाजूला थोडी जागा बधिर आहे, ते दोन्हीकडे आहे, त्याचं काही वाटत नाही. हॅमस्ट्रिंगचा त्रास वेगळा, पालथं झोपून टाच मागे कुल्ल्यापर्यंत ओढायची म्हटली की शेवटच्या टप्प्यात जोर कमी पडतो आणि जोरात पळताना मांडीमागे ओढ बसते. मन लावून व्यायाम केला तर हे बरंच भरून येतं, माझं आलं. वाटीखालच्या दुखण्यावर मला तरी असा व्यायाम सापडला नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्कमध्ये अशा ऑपरेशन्सच्या देशभराच्या नोंदी ठेवतात, त्यात हॅमस्ट्रिंगवाल्यांना परत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसतं. त्यामुळे अठरा-वीस वर्षांचा रेडर असेल, पुढची सगळी वर्षं कट मारत खेळायचं असेल, तर त्याने बीटीबीचा विचार जरूर करावा, मी अडवणार नाही. ग्राफ्ट कुठलाही असो, 9 महिन्यांच्या आत मॅचला उतरू नका.

हल्ली घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं पेरोनियस टेंडन पण घेतात, आपल्याकडे बरंच चालतं. गुडघ्याला काहीच धक्का नाही, ऐकायला छान. पण माझा घोटा आधी मुरगळलेला, बाहेरचं लिगामेंट सैल पडलेलं, आणि पाय आत वळताना त्याला सावरणाऱ्या स्नायूंपैकीच एकाचं हे टेंडन, म्हणून मी नको म्हटलं. घोटा चांगला असेल तर विचारून बघा.

तर डिफेंडर असाल, जमिनीवर बसण्या-टेकण्याचं काम असेल, नाहीतर घरात लहान पोरं असतील, तर माझं मत हॅमस्ट्रिंगला. फक्त ऑपरेशनच्या आधी सर्जनना दोन गोष्टी विचारा. ते स्वतः जास्त कुठला ग्राफ्ट करतात, कारण हात बसलेला असणं फार महत्त्वाचं. आणि टेंडन बारीक निघालं, घडी घालूनही 8 मिमी भरलं नाही, तर ऐनवेळी काय करणार. हे भूल द्यायच्या आधीच ठरलेलं बरं, टेबलावर आपल्याला कोण विचारणार.