११,५०० चं साउंड कार्ड, आत निघालं डबडं

जळगावच्या एका दुकानातून ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) घेतला, ११,५०० रुपये. ६,००० रोख आणि ५,५०० दुकानदाराच्या पर्सनल नंबरवर (हे कधीच करू नका, दुकानाच्याच खात्यावर टाका). वरून माइक ४,२०० चा. कापसाचे पैसे होते. मावशी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची अहिराणी गाणी म्हणते ती नीट रेकॉर्ड करायची होती म्हणून घेतलं, हौसेखातर नाही.

डब्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, ४८ व्होल्ट फँटम पॉवर (म्हणजे माइकला लागणारी वीज त्याच्या केबलमधूनच) असं छापलेलं. दुकानात त्याने लॅपटॉपवर ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) उघडून १,९२,००० दाखवलं पण. आता कळतंय, तो आकडा ऑडॅसिटीतल्या प्रोजेक्टचा, कार्डाचा नाही, कार्ड काही का देईना विंडोज मधल्या मधे बदलून देतं. साउंडच्या प्रॉपर्टीजमध्ये डिफॉल्ट फॉरमॅटची यादी उघडली असती तर तिथंच कळलं असतं, १६ बिट ४८,००० च्या वर एकही ओळ नाही. आणि मी म्हटलं होतं हो त्याला, प्रॉपर्टीज दाखव म्हणून! तर म्हणे "तू आपला मानूस शे भाऊ, तुले खोटं सांगसू का?" आणि मी गप्प बसलो. डबा हातात हलका लागला तेव्हाही गप्पच. हेच डोक्यातून जात नाही.

घरी मावशीचा आवाज येईचना, गेन (माइकचा आवाज वाढवायचं बटण) फुल केला तर नुसती खरखर. शेवटी एक्सएलआरच्या (माइकची तीन पिनांची जोडणी) पिन १ आणि २ ला मीटर लावला, ४८ च्या जागी ४.८ व्होल्ट. यूएसबीचे पाच व्होल्ट तसेच माइकला सोडलेले! १६ बिटचं मला दुःख नाही, सीडी पण १६ बिट ४४,१०० च असते, खरं सांगून चांगल्या प्रीअँपचं (माइकचा बारीक आवाज मोठा करणारा भाग) दिलं असतं तरी घेतलं असतं.

दुकानदार म्हणतो वापरलेला माल परत नाही. पोलीस ठाण्यात तीन चकरा, पहिल्यांदा साहेब नाही, दुसऱ्यांदा म्हणे हे सायबरचं, सायबरवाले म्हणे समोरासमोर घेतलं मग आमचं नाही, तिसऱ्यांदा तर हवालदार हसला, "माइकसाठी एवढं?" अर्ज घ्या म्हटलं तर पोच द्यायला तयार नाही, आणि प्रत्येक चकरेला अमळनेरहून अख्खा दिवस मोडतो, मजूर शेतात वाट बघतात.

पक्कं बिल घ्या, मॉडेल नंबरसकट, माझ्याकडे चिठ्ठी आहे नुसती. ५ लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, मुदत २ वर्षं, तिथं आता टाकतोय. धुळे-पारोळ्याकडे कोणाला असा डबा मिळाला असेल तर प्रॉपर्टीजचा फोटो काढून ठेवा आणि मला कळवा.