रॉयल ऑपेरा हाऊस : जुन्या नाट्यगृहात बसून पाहताना

मुंबईची जुनी नाट्यगृहे बहुतेक पुस्तकांतच भेटतात. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ मध्ये उभे राहिलेले आणि १८५३ मध्ये विष्णुदास भावे यांच्या मंडळींनी जेथे खेळ केले, ते ग्रँट रोडचे नाट्यगृह केव्हाच नाहीसे झाले. बोरीबंदरसमोरच्या १८७९ च्या गेटी थिएटरचे पुढे कॅपिटॉल चित्रपटगृह झाले. या पार्श्वभूमीवर चर्नी रोडजवळच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये आजही तिकीट काढून कार्यक्रम पाहता येतो, हे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे.

मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी काराका यांनी उभारलेल्या या वास्तूचे उद्घाटन काम अपुरे असतानाच १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या हस्ते झाले. बोलपटांच्या काळात तिचे चित्रपटगृह झाले, १९५२ मध्ये ती गोंडलच्या राजघराण्याकडे आली आणि १९९३ मध्ये बंद पडली. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा मूळच्या गोमंतकीय घराण्यातल्या सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या, ऑपेरा गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचे गायन झाले. ऑपेराच्या नावाला शोभेल अशीच ही निवड होती.

प्रवेशदालनातली झुंबरे आणि सोनेरी नक्षी यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे, आणि छायाचित्रे काढणाऱ्यांची तेथे गर्दीही होते. माझ्या मते मात्र या जागेची खरी श्रीमंती प्रेक्षागृहात आहे. सुमारे ५७५ आसनांच्या या सभागृहात रंगमंच इतका जवळ वाटतो की नटाच्या चेहऱ्यावरची बारीक हालचालही सुटत नाही. ध्वनिवर्धकांच्या आधीच्या काळात बांधलेले हे नाट्यगृह असल्यामुळे न वाढवलेला मानवी आवाज येथे ऐकण्यासारखा असतो, आणि म्हणूनच तेथे कर्ण्यांच्या भिंती उभ्या करणारे कार्यक्रम मला विसंगत वाटतात. बालगंधर्व आणि पृथ्वीराज कपूर ज्या रंगमंचावर उभे राहिले, तेथे संगीत नाटकांचे प्रयोग नियमित व्हावेत, अशी अपेक्षा गिरगावच्या रसिकाने ठेवली तर ती अवाजवी नाही. परंतु एवढ्या मोजक्या आसनांवर व्यावसायिक नाटकाचा खर्च भरून निघणे कठीण, हेही मान्य करावे लागते.

रंगमंचालगतचे बॉक्स, म्हणजे मोजक्या प्रेक्षकांसाठीचे स्वतंत्र सज्जे, दिसायला राजेशाही असले, तरी तेथून रंगमंच तिरपा दिसतो. प्रेक्षकाने स्वतः इतरांना दिसावे, हाच अशा बॉक्सचा युरोपातला जुना हेतू. नाटक पाहायचे असेल तर खालच्या मजल्यावरच्या मधल्या रांगा घ्याव्यात, गाणे असेल तर बाल्कनीही चालेल, आणि लोकलने चर्नी रोडला उतरून चालत यावे.