मागची कोलांटी: सरळ शिकावी की खांद्यावरून?

पुढची कोलांटी सहज जमते, मागची अडते. मग सरळ कोलांटीचाच सराव करत राहायचं की खांद्यावरून जायचं? माझ्या मते उत्तर हातांच्या लांबीवर आणि ताकदीवर अवलंबून आहे.

सरळ कोलांटीत उकिडवं बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, तळवे कानांशेजारी वर, बोटं खांद्यांकडे. पाठ गोल ठेवून मागे गेलं की तळवे गादीवर सपाट पडतात. कंबर डोक्यावर येते त्याच क्षणी दोन्ही हातांनी गादी जोरात रेटायची. हा रेटा उशिरा आला किंवा कमी पडला की वजन मानेवर येतं. बघणाऱ्याला ते लगेच कळतं: कोपरं बाहेर फाकतात, अंग एका बाजूला कलंडतं, उतरताना पायांऐवजी गुडघे टेकतात.

पूर्वी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की मूल पहिलीच्या वयाचं झालं असं मानत. चार-पाच वर्षांच्या मुलांचे हात डोक्याच्या मानाने आखूडच असतात. रेटून डोकं उचलायला जागाच उरत नाही. एवढ्या लहान मुलांना सरळ कोलांटी करायला लावूच नये.

खांद्यावरून जाताना मान डावीकडे कलवायची आणि पाय उजव्या खांद्यावरून न्यायचे. डोकं वाटेतून बाजूला होतं, मानेवरचा भार बराच कमी होतो. मोठेपणी हौसेने शिकणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. मानेचं जुनं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

पण जिम्नॅस्टिक्सच्या फ्लोअर प्रकारात, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींत, प्रगती करायची असेल तर खांद्यावरची कोलांटी फार काळ पुरत नाही. मागच्या कोलांटीतून थेट हँडस्टँडमध्ये (हातांवर उलटं उभं राहण्यात) जायला दोन्ही हातांचा समान रेटा लागतो आणि तो इथे तयार होत नाही. शिवाय मान कलवायची सवय नंतर सुटता सुटत नाही.

म्हणून स्पर्धेकडे कल असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलांना मी उताराच्या गादीवर सरळ कोलांटीच शिकवीन. उतारावर कंबर आपोआप वर जाते. पण हात न रेटताही पलीकडे जाता येतं, हा त्यातला धोका. प्रशिक्षकाने हातांवरच नजर ठेवावी आणि मूल पायांवर उतरू लागलं की उतार हळूहळू कमी करावा.