डायपरसाठी स्टीलचा पेडल डबा : नाशिकच्या घरातील वापराचा अनुभव

तान्ह्या बाळाच्या खरेदीत पाळणा, दुपटी, गाडी यांचा विचार महिनोन्‌महिने आधी होतो. वापरलेले डायपर टाकायचे कशात, याचा विचार मात्र वास येऊ लागल्यावरच होतो. बाळ केवळ अंगावरच्या दुधावर असते तोवर मोरीतली जुनी बादली चालून जाते, कारण त्या काळातील शीला उग्र वास नसतो. सहाव्या महिन्यानंतर नाचणीचे सत्त्व, वरण-भात आणि अंडे सुरू झाले की चित्र बदलते, आणि उन्हाच्या तडाख्यात दारे-खिडक्या लावून बसलेल्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये तो वास बाळाच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. आम्ही इंदिरानगरला राहतो. याच टप्प्यावर आम्ही भांडी बाजारातील एका दुकानातून बारा लिटरचा, पायाने उघडणारा स्टीलचा डबा घेतला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तो रोज वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटते.

डब्याची रचना साधी आहे. बाहेरचा गोल डबा स्टीलचा असून आत उचलून काढता येणारी प्लास्टिकची बादली आहे, झाकण पेडलने उघडते आणि पाय काढल्यावर न आपटता हळूहळू बसते. नुकत्याच झोपलेल्या बाळाच्या खोलीत या हळू बसण्याचे मोल मोठे आहे. मात्र सर्वांत महत्त्वाचा भाग आहे झाकणाच्या आतल्या कडेची रबराची रिंग. दुकानातच तिची परीक्षा घेता येते. कागदाची एक पट्टी काठावर ठेवून झाकण लावावे आणि पट्टी ओढून पाहावी; ती अलगद निघून आली तर तेथून वासही तितक्याच सहज बाहेर येणार, हे समजावे. ही चाचणी एकाच जागी न करता झाकणाच्या सगळ्या बाजूंनी करावी, कारण बिजागरीच्या बाजूला बहुतेक डब्यांत फट राहते. आम्ही पाहिलेल्या डब्यांपैकी दिसायला देखणे असलेले काही डबे नेमके याच ठिकाणी कमी पडले.

डबा चांगला असला तरी वास कमी होण्याचे निम्म्याहून अधिक काम डब्याबाहेरच होते, हे मला आवर्जून सांगायचे आहे. लघवीतील युरियाचे शीतील जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि उष्णता जितकी जास्त तितकी ही क्रिया वेगाने होते. म्हणून शी आणि शू एकत्र असलेला डायपर तसाच गुंडाळून ठेवणे म्हणजे या क्रियेला पूर्ण दिवस मोकळीक देणे होय. शी आधी संडासात झटकून किंवा जेटने धुऊन टाकावी, मग डायपर पुढच्या बाजूने घट्ट गुंडाळत न्यावा आणि त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करावा. एवढी दोन मिनिटे दिली, तर पातळ पिशवीसुद्धा चालते. नाही दिली, तर महागडा डबाही हात टेकतो.

डब्यात काय घालावे याविषयी घरोघरी वेगवेगळे सल्ले मिळतात. खायचा सोडा तळाशी भुरभुरावा असे सांगतात. शीतील आंबूस वासाच्या आम्लांवर तो उपयोगी पडतो, पण अमोनिया स्वतःच अल्कधर्मी असल्यामुळे त्याच्यावर सोड्याचा फारसा परिणाम होत नाही. अमोनियासाठी आम्ल हवे. म्हणून आतली बादली आठवड्यातून दोनदा साबणाने धुतल्यावर मी पाण्यात मिसळलेला पांढरा व्हिनेगर तिच्यात फिरवते, थोडा वेळ तसाच राहू देते आणि मग बादली बाल्कनीच्या उन्हात पूर्ण वाळवते. तळाशी वर्तमानपत्राची जाड घडी ठेवली की उरलेली ओल ती शोषून घेते. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. लघवी सांडलेल्या बादलीत थेट ब्लीच ओतणेही तितकेच घातक आहे, कारण अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात.

डांबर गोळ्यांबाबत तर हात जोडून विनंती आहे. बाळाच्या खोलीत, डब्यात किंवा लंगोटांच्या कपाटात त्या ठेवू नयेत. नॅफ्थलीनच्या गोळ्यांमुळे जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि अशी कमतरता आहे हे अनेकदा घरात कोणालाच ठाऊक नसते. उदबत्ती, धूप किंवा सुगंधी फवारा वास झाकतात, घालवत नाहीत. शिवाय धूर बाळाच्या श्वासनलिकेला त्रास देतो. तिन्हीसांजेला ओवा-वावडिंगाची धुरी द्यावी अशी आमच्या सासूबाईंची मनापासूनची इच्छा होती. डॉक्टरांनी समजावल्यावर त्यांनीच ती थांबवली, आणि आता संध्याकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडून खोलीत वारा खेळवण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.

ऑनलाइन मिळणारे खास डायपरचे डबे, ज्यांत प्लास्टिकच्या लांब नळीसारख्या पिशवीची कॅसेट बसवावी लागते, तेही आम्ही एका नातेवाइकांकडे वापरून पाहिले. प्रत्येक डायपर वेगळा आवळला जात असल्यामुळे वास खरोखर कमी येतो, हे मान्य केले पाहिजे. पण कॅसेटचा खर्च संपत नाही, ती इथल्या दुकानांत सहज मिळत नाही आणि कचऱ्यात प्लास्टिकची आणखी एक भर पडते. आठवडाभर कचरा साठवावा लागतो अशा ठिकाणी त्या डब्याला अर्थ असेल. आमच्या भागात घंटागाडी रोज येते, त्यामुळे डब्याने एक दिवस आणि एक रात्र सांभाळली की त्याचे काम झाले.

घंटागाडीचा विषय निघालाच आहे, तर या साऱ्या व्यवहारातील ज्या माणसांचा विचार सर्वांत कमी होतो त्यांच्याविषयीही लिहिले पाहिजे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेले डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यासोबत द्यायचे होते, आणि २०२६ च्या नव्या नियमांत सॅनिटरी कचरा हा स्वतंत्र वर्गच केला आहे. तरीही भाजीच्या देठांत कोंबलेले उघडे डायपर मी आमच्याच इमारतीच्या कचऱ्यात पाहिले आहेत, आणि ते हाताने वेगळे काढणारे कर्मचारीही पाहिले आहेत. ते वेगळे निघाले नाहीत तर खतात प्लास्टिक आणि पाणी शोषणाऱ्या जेलचे कण मिसळतात. आम्ही दिवसभराचे डायपर वर्तमानपत्रात गुंडाळतो, त्यावर लाल पेनाने मोठा ठिपका काढतो आणि पुडके गाडीवरच्या दादांच्या हातात वेगळे देतो. पुडके उघडून पाहण्याची वेळ त्यांच्यावर येत नाही.

डब्यातील दोष पावसाळ्यात दिसू लागले. दमट हवेत पेडलच्या स्प्रिंगला गंज धरला आणि झाकण अर्धवट उघडू लागले. खोबरेल तेलाने तात्पुरते भागले, पण या किमतीत स्प्रिंगही स्टीलची हवी होती. प्लास्टिकच्या आतल्या बादलीत वास मुरतो, कितीही धुतली तरी तळाशी थोडा उरतोच. तीही स्टीलची असती तर हा डबा मी निःसंकोच उत्तम म्हटला असता. रांगणारे बाळ पेडलवर हात ठेवून झाकण उघडू शकते, म्हणून आम्ही तो बाथरूमच्या दाराआड हलवला आहे.

कापडी लंगोट वापरणाऱ्या घरांना याच डब्यात लंगोट कोरडे ठेवता येतील. पाण्यात भिजत घातलेल्या लंगोटांना अधिक वास येतो आणि लहान मुलाच्या दृष्टीने पाण्याची बादली धोक्याचीही असते. ऑगस्टमध्ये ऊन मिळत नाही तेव्हा लंगोट दोन-दोन दिवस ओलसर राहतात, त्यामुळे त्या महिन्यात आम्ही रात्रीपुरते डायपर आणि दिवसा लंगोट असे ठेवले होते.

डबा आम्हाला अकराशे रुपयांना पडला. जुळी असतील किंवा दिवसाला आठ-दहा डायपर लागत असतील, तर बारा लिटर अपुरे पडतील आणि वीस लिटरचा घ्यावा लागेल. घेतानाच झाकणाची एक जादा रबर रिंग मागून घ्यावी. आमच्या दुकानदारांनी ती साठ रुपयांत वेगळी दिली, आणि पहिली रिंग सैल पडल्यावर ती लगेच कामी आली.