मोदक फॉन्ट, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं त्या फटीवर अडतं

मोदक वापरणाऱ्यांनी बोल्डच्या बटणाला हात लावू नये. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींसाठी केलेल्या या फॉन्टला वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एकच. तो मुळातच एवढा गुबगुबीत आहे, की अक्षराच्या पोटात केसभर फटच उरते. ‘व’ आणि ‘ब’, ‘प’ आणि ‘ष’ वेगळे ओळखू येतात ते त्या फटीमुळेच. बोल्ड दाबलं की सॉफ्टवेअर कडा फुगवून खोटा बोल्ड तयार करतं आणि फट बुजते. मग फ्लेक्स बिघडला म्हणून प्रेसशी भांडून काय उपयोग? अक्षर फाइलमध्येच बुजलेलं असतं. वेबसाइटवर बटण न दाबताही असं होतं, कारण ब्राउझर मथळा आपणहून बोल्ड करतो. तिथे फॉन्ट-वेट ४०० द्यावंच लागतं.

सुरुवातीला मत होतं, हा फॉन्ट फक्त मोठ्या बॅनरचा. ते आता बदललंय. पांढऱ्या कागदावर काळं अक्षर छापलं की शाई दोन्ही बाजूंनी फटीत शिरते. गडद जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, पांढरं अक्षर ठेवलं तर शाई फटीतच असते, पसरली तरी फट रुंदच होते. म्हणून लेबल, पत्रिका अशा लहान कामात मोदक पांढरा ठेवावा. जमीन मात्र एकाच शाईची हवी. चार रंगांच्या छपाईत रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, जरा हललं तरी फटीला रंगीत कड येते. आतून दिवे लावलेल्या पाटीवर हिशेब पुन्हा फिरतो: पांढऱ्या अक्षराचा उजेड फटीवर पसरतो आणि लांबून ती दिसेनाशी होते.

बॉर्डरचंही तसंच. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती अर्धी अक्षराच्या आत बसते, म्हणून ‘बिहाइंड फिल’ (बॉर्डर अक्षराच्या मागे) निवडायचं. तरी फटीत बॉर्डरचा रंग भरतोच. अक्षर फिकं आणि बॉर्डर गडद असेल तर उलट फायदाच, फटी ठसठशीत दिसतात.

प्लॉटरवर, म्हणजे स्टिकर कापायच्या मशीनवर, व्हिनाइल कापण्याआधी अक्षरांचे कर्व्ह (नुसते आकार) करून सगळ्यात अरुंद फट मोजावी. १ मिमीपेक्षा कमी असेल तर नाद सोडावा. फटीतली व्हिनाइलची पट्टी काढताना तुटते, नाहीतर शेजारचं अक्षर उचलते.

वेलांट्या आणि मात्रा मात्र फार सुंदर बसवल्यात. अक्षराला बिलगून, तरी बारीक रेघेने वेगळ्या. ‘खाऊ’, ‘बालवाडी’, ‘गंमत’ असे शब्द बघत राहावेसे वाटतात. ‘उद्घाटन’, ‘राष्ट्रीय’ यांत फटींची दाटी होते. असा शब्द टाळता येत नसेल तर त्याच मंडळींचा बलू २ घ्यावा, त्यात पाच वजनं आहेत. खालच्या मजकुराला त्यांचाच ‘मुक्त’ फॉन्ट पुरतो.

तिन्ही ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत, धंद्याच्या कामालाही फुकट. बिलात ‘फॉन्ट चार्ज’ लावला असेल तर तो आधी खोडायला लावा.